जीपचे चेंबर पॅकिंग घरी बदलताना

सभासद बंधूंनो, गळिताच्या तोंडावर जीपखालची जमीन तेलाने काळी दिसू लागली, की आपण लगेच 'चेंबर गळतंय' म्हणून मोकळे होतो. पण आधी वर पाहा. टॅपेट कव्हरचे तेल इंजिनावरून ओघळत चेंबरवरच येऊन ठिबकते. इंजिन पुसून भवानीनगरपर्यंत एक फेरी मारा, मग ओल कुठून सुरू होते ते दिसेल.

चेंबरच असेल तर गाडी सपाट, टणक जागेवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, तो निसटला तर माणूस जातो. चाकांना दगड आणि चासीखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. तेल कोमट असतानाच काढा.

चेंबर चिकटले तर पटाशीने उचकटू नका, लाकडी हातोडीने हलके ठोका. जुने पॅकिंग पूर्ण खरडा. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा फुगलेला असतो, तो ठोकून सपाट करा. पुष्कळदा खरी गळती तिथलीच असते. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा. 'अजून जरा दाबू' म्हणालात तर कॉर्क चिरडलाच!

ट्रॅक्टरवर मात्र हा प्रयोग नको. बऱ्याच ट्रॅक्टरांचे चेंबर बिडाचे असते आणि पुढचा भार त्यावरच असतो. ते काम वर्कशॉपचे.

नवे तेल भरून पाच मिनिटे इंजिन चालवा, बंद करून पट्टी पाहा. जुने तेल पाटात ओतू नका, डब्यात भरून ठेवा.