न चाळलेले पीठ

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी पांढरेशुभ्र पीठ असे काय, असे हजरत सहल बिन सअद (रजि.) यांना विचारले गेले. ते म्हणाले, नाही. चाळणीही नव्हती, जव दळून फुंकर मारीत, उडेल तो कोंडा उडे, उरलेले भिजवीत. ‘सहीह बुखारी’त ही नोंद आहे.

मीरा रोडच्या नया नगरात इफ्तारला मैद्याचे समोसे पावलोपावली मिळतात. ते हराम नव्हेत. परंतु कुरआन (२:१६८) हलालसोबत ‘तय्यिब’, म्हणजे शुद्ध व उत्तम, असेही म्हणतो. आपल्या कोकणी घरांतली नाचणीची भाकरी या कसोटीस सहज उतरते.

मात्र सुन्नतीचे नाव घेऊन हे कष्ट एकट्या गृहिणीवर लादू नयेत. रोजा तिचाही असतो. प्रेषित (स.) घरकामात हातभार लावीत व नमाजची वेळ होताच बाहेर पडत, असे हजरत आयशा (रजि.) सांगतात. तेव्हा असरनंतर पीठ मळायला मुलगे आणि वडीलही बसोत.