प्लगचा रंग, इंजिनची तब्येत

मित्रांनो, आपल्या वाशिम जिल्ह्यात एमएच ३७ पाटीची जुनी मारुती ८०० अजूनही बऱ्याच घरी दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे त्यातली सर्वांत नवीन गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. सुट्टीत घरी गेलं की हमखास ऐकू येतं, "गाडी मिसिंग करते, बघ जरा, तू इंजिनिअरिंगला आहेस ना!" तेव्हा हा छोटा धडा.

८०० च्या ७९६ सीसी इंजिनात तीन सिलेंडर, म्हणून तीन प्लग. इंजिन थंड असतानाच ते काढावेत, कारण गरम अॅल्युमिनियम हेडमधले आटे खराब होऊ शकतात. आधी भोवतीची धूळ फुंकून काढा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये जाते. एका वेळी एकच वायर काढा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

आता टोकाचा रंग बघा.

१) फिकट तपकिरी किंवा राखाडी : सगळं ठीक.
२) कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर आणि चोक तपासा. नुसत्या गल्लीबोळातल्या फेऱ्यांनीही असं होतं.
३) ओला, तेलकट : ऑइल वर येतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील.
४) पांढरा, फोड आलेला : इंजिन जास्त तापतंय. कूलंट, टायमिंग आणि मिश्रण तपासा.

नवीन प्लग घेताना महागडा शोधू नका, योग्य नंबरचा शोधा. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहिलं पाहिजे. त्याखाली काजळी जळत नाही आणि त्यावर गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं. उष्णता लवकर सोडतो तो 'कोल्ड' प्लग, धरून ठेवतो तो 'हॉट'. गंमत म्हणजे एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग कोल्ड, तर बॉशमध्ये (आपल्या मिस्त्रींचा जुना 'मायको') बरोबर उलटं! म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीत शोधू नये, मॅन्युअल किंवा तक्ता बघावा. एनजीके बीपीआर६ईएस या नावात बी म्हणजे १४ मिमी आटे, आर म्हणजे रेझिस्टर, ६ म्हणजे हीट रेंज आणि ई म्हणजे १९ मिमी लांबी. लांबी चुकली तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो.

गॅप फिलर गेजने मोजा. जुन्या कार्बुरेटर गाड्यांत तो साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतो. प्लग आधी हातानेच बसवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. जोर दाखवायची ही जागा नाही.

काही लोक काजळी आली की सरळ हॉट प्लग टाकतात. हे म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटरच बदलण्यासारखं झालं! रोग तसाच राहतो, वर इंजिन जळायची भीती.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आपल्या कारंजा, शेलूबाजार, मालेगाव भागातून जातो. गावात ४० ने चालणारी गाडी तिथे तासन् तास वेगात पळते, आणि पेशंटला नागपूरला नेताना ती मध्येच बंद पडली तर काय होईल, विचार करा. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यामुळे जुन्या कार्बुरेटरमध्ये मिश्रण पातळ होतं आणि जुने रबरी पाइप लवकर खराब होऊ शकतात.

म्हणून निघण्यापूर्वी प्लग, प्लग वायर, एअर फिल्टर, ऑइल, कूलंट आणि पेट्रोलचे पाइप बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते घरी विचारा. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतंच.

तर मित्रांनो, या सुट्टीत एक प्लग पाना, एक फिलर गेज आणि अर्धा तास एवढंच काढा. पुस्तकातलं आयसी इंजिन त्या तीन प्लगांवर स्वतःच वाचता येईल, आणि घरच्यांचा प्रवासही सुखाचा होईल.