रंग न लावता, तुकडा न काढता तपासणी?

मलेरियाची रक्तपट्टी असो की क्षयाची थुंकी, प्रयोगशाळेत ती आधी रंगवली जाते. पेशी आणि जंतू जवळजवळ पारदर्शक असतात. रंगाविना सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखणे कठीण. गालातल्या चट्ट्यासाठी तर तुकडा काढून, तो रंगवून पाहावा लागतो. सावली, मूल, गडचिरोली या भागात खर्रा खाणारे रुग्ण मी नेहमी तपासतो. 'तुकडा' हा शब्द ऐकून त्यातले काही परत येतच नाहीत. म्हणून हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

याची वाट सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवली. त्यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लावलेल्या शोधाला १९३० चे नोबेल मिळाले. पदार्थावर पडलेला प्रकाश विखुरतो. बहुतेक प्रकाशकण मूळ रंगाचेच राहतात. सुमारे एक कोटीत एखादा रंग किंचित बदलून येतो. हा बदल रेणूंच्या कंपनावर अवलंबून असतो. चरबीचा वेगळा, प्रथिनाचा वेगळा. जणू अंगठ्याचा ठसाच!

खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत डॉ. मुरली कृष्णा व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडात प्रकाशनळी ठेवून हे ठसे घेतले. निरोगी गालात चरबीच्या खुणा ठळक, तर कर्करोगाच्या जागी प्रथिनांच्या खुणा ठळक आढळल्या.

सूक्ष्मदर्शकात मात्र दोन अडचणी येतात. पहिली, हा प्रकाश फार क्षीण असतो. २००८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात दोन लेसर किरण एकत्र वापरून तो बळकट करता आला. दुसरी अडचण बारकाव्याची. मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापेक्षा जवळचे दोन ठिपके साध्या प्रकाशात एकच दिसतात. लाल रक्तपेशी याच्या पस्तीस-चाळीस पट रुंद, म्हणून ती सहज दिसते. क्षयजंतूची जाडी मात्र या मर्यादेच्या आसपासच आहे. ही मर्यादा ओलांडणाऱ्यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण त्या पद्धतींना चमकणारे रेणू लागतात. रंगाविना तेच साधण्यासाठी लेसरच्या ठिपक्याभोवती कड्यासारखा आणखी एक किरण टाकून कडेचा प्रकाश दाबण्याचे प्रयोग झाले आहेत. मधला बारीक ठिपका उरला, की चित्र अधिक स्पष्ट होते.

पण हे यंत्र गावात येईल म्हणून थांबू नका. आजही पक्के निदान तुकडा तपासूनच होते. जागा बधिर करून चिमूटभर तुकडा घेतात. त्याने कर्करोग पसरत नाही. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा, तिखट न सोसणे किंवा तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी काहीही असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आणि खर्रा आजच सोडा.