वाचनात अडखळणारे मूल आळशी नसते

भिलाईतील अनेक मराठी घरांत मूल मराठी बोलते आणि शाळेत हिंदी वा इंग्रजी वाचते. ते वाचनात मागे पडले की दोष दोन भाषांना दिला जातो. संशोधनानुसार दोन भाषांमुळे वाचन-अक्षमता उद्भवत नाही. शब्दातील ध्वनी वेगळे ओळखून अक्षरांशी जोडणे जड जाणे, हे तिचे प्रमुख कारण आहे. बुद्धिमत्तेत उणीव नसते.

लक्षणे : दुसरीनंतरही काना-मात्रा व जोडाक्षरे सतत चुकणे; तोंडी उत्तर अचूक, लेखी अपुरे.

पालकांनी काय करावे?
१. प्रथम दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे.
२. शासकीय शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास अडचण सांगावी. ही तपासणी विनामूल्य असते.
३. मूल्यमापन मुलाच्या परिचित भाषेत व्हावे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ चाचणी हिंदी व मराठीतही आहे.
४. रोज थोडा वेळ मोठ्याने, न रागावता वाचून घ्यावे.

दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ नुसार ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हे मान्य दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात. शिक्षेने वाचन सुधारत नाही. वेळीच केलेल्या मदतीने सुधारते.