पारदर्शक पाकीट : माल दाखवते आणि बिघडवतेही

खाद्यपदार्थांचा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचा, तसेच घरून मसाले व फरसाण तयार करून विकणाऱ्या भगिनींचा असा समज आहे की, माल हवा आणि ओल यांपासून वाचविला म्हणजे काम झाले. म्हणून जाड पारदर्शक पिशवी घेतली जाते, तोंड सील केले जाते आणि माल नजरेत भरावा म्हणून पाकिटे दुकानाच्या दर्शनी भागात टांगली जातात. काही आठवड्यांनी तिखटाचा रंग उतरतो, शेवेला खवट वास येतो आणि दुकानदार माल परत पाठवितो. दोष मिरचीला किंवा तेलाला दिला जातो. तिसरा चोर जो उजेड, त्याचे नावही निघत नाही.

आम्ही कापडवाले या चोराला चांगले ओळखतो. शोकेसमध्ये महिनाभर राहिलेल्या कापडाची घडी उघडली की बाहेरची बाजू फिकी आणि आतली ताजी दिसते. हळद व तिखटाच्या रंगाचेही तसेच होते. तेल-तुपाचे नुकसान याहून मोठे आहे. उजेडामुळे तेलाशी प्राणवायूचा संयोग वेगाने होतो आणि त्यातून खवटपणा येतो. दुधातील ब-२ जीवनसत्त्व उजेड शोषून घेते; ते स्वतः नष्ट होते आणि दुधाची चवही बिघडविते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उजेडाची मोजणी नॅनोमीटरमध्ये होते. मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ४०० च्या खालचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. त्याला अतिनील म्हणतात आणि तो मुख्यतः उन्हातून येतो. परंतु दुधाला बिघडविणारा ४५० च्या आसपासचा निळा उजेड तर दुकानातील ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यातही असतो. म्हणजे माल उन्हात नाही एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

आता बाजारात मिळणारे प्लास्टिक पाहू :

१) साधे पारदर्शक पॉलिथिन : दोन्ही प्रकारचा उजेड जवळजवळ पूर्ण आत सोडते.

२) पारदर्शक पॉलिएस्टर (पेट) : ज्या पॉलिएस्टरचे सूत निघते तेच हे. सुमारे ३१० च्या खालचा उजेड अडवते, बाकीचा आत जातो.

३) यूव्ही रोधक मिसळलेले पारदर्शक प्लास्टिक : अतिनील अडवते, पण निळा उजेड येतोच. ‘यूव्ही प्रूफ’ म्हणजे उजेडापासून पूर्ण बचाव, असे समजू नये.

४) रंगीत पारदर्शक : तपकिरी रंग निळा उजेड बराच अडवितो. निळा रंग दिसायला सुंदर, पण तोच उजेड आत सोडतो.

५) पांढरे अपारदर्शक : यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड असते. सुताच्या व्यापाऱ्यांना ती माहीत आहे; सेमी डल आणि फुल डल सुताची चमक याच पुडीने कमी केली जाते. मात्र पातळ पांढऱ्या पिशवीतून थोडा उजेड जातोच. म्हणून अधिक बचाव हवा तेथे मधला थर काळा घेतात.

६) मेटलाइज्ड फिल्म व फॉइल : पहिलीत प्लास्टिकवर अॅल्युमिनियमच्या वाफेचा अत्यंत पातळ थर असतो, तो बहुतेक उजेड अडवितो. फॉइलचा थर अखंड असेल तर उजेड अजिबात जात नाही. पण जोडलेले थर सहज वेगळे होत नाहीत, म्हणून अशा पाकिटाचा पुनर्वापर कठीण असतो.

सर्वांनीच महागडे पाकीट घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. चार दिवसांत खपणाऱ्या मालाला साधी पिशवी आणि बाहेरून पुठ्ठ्याचा खोका पुरेसा आहे. महिना-दोन महिने टिकवायच्या फरसाणाला मेटलाइज्ड पाकीट योग्य. ग्राहकाला माल दाखवायचाच असेल तर छोटी खिडकी ठेवावी किंवा दुकानदाराकडे एक वेगळा नमुना द्यावा.

मोठी ऑर्डर देण्यापूर्वी स्वतः चाचणी घ्यावी. एकाच घाण्यातील मालाची दोन पाकिटे भरून एक दुकानाच्या उजेडात आणि दुसरे त्याच जागी बंद खोक्यात ठेवावे. पंधरा दिवसांनी रंग, वास व चव ताडून पाहावी. तसेच पाकीट दिव्यासमोर धरून घड्यांवर किंवा बारीक छिद्रांतून उजेड दिसतो का, हेही पाहावे.

उजेड अडतो म्हणून कोणतीही स्वस्त काळी थैली वापरू नये; तिचे प्लास्टिक कशाचे आहे ते कळत नाही. खाद्यपदार्थांसाठीच तयार केलेला माल घ्यावा आणि आयएस ९८४५ प्रमाणे चाचणी झाल्याचा दाखला पुरवठादाराकडे मागावा.

पाकिटामागे वाचविलेले काही पैसे हिशेबात लगेच दिसतात. परत न येणारा ग्राहक मात्र कोणत्याच वहीत लिहिलेला नसतो. लहान व्यापाऱ्याचे खरे भांडवल तोच आहे, हे ध्यानात ठेवून पाकीट निवडावे.