बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

अभ्यासासाठी शास्त्रभाग : २ शमुवेल २३:१३-१७, गणना ११:४-६, योहान ४:१-४२, रोम. १४



आपल्या प्रांताबाहेर राहणारी मराठी माणसे एकत्र जमली म्हणजे बोलणे लवकरच गावाकडे वळते, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. इंदूर असो, बडोदे असो, हैदराबाद किंवा बंगळूर असो, उपासना संपून चहाचा पेला हाती येतो न येतो तोच कोणीतरी विचारतो, "आपण मूळचे कुठले?" मग नगरकडचा मनुष्य नाताळच्या करंज्या-चकल्यांविषयी सांगू लागतो. मुंबई-वसईकडची ईस्ट इंडियन भगिनी सांगते की त्यांच्या घरी उन्हाळ्यात मिरच्या व मसाल्याचे वीसहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि पावसाळा त्यावर निघतो. एखादा गृहस्थ कबूल करतो की चहा बशीत ओतल्याशिवाय त्याला पिताच येत नाही, आणि सर्वजण हसतात. आता तर हे बोलणे मोबाईलवरूनही चालते; जेवणाआधीच ताटाचे छायाचित्र चार प्रांतांत जाऊन पोहोचते.

अशा बोलण्याला आपण सहसा गप्पा म्हणून सोडून देतो. पवित्र शास्त्राने मात्र असे बारीकसारीक तपशील जपून ठेविले आहेत. त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, येताना घेऊन ये असे पौल तीमथ्याला लिहितो (२ तीम. ४:१३). तारणाच्या कोणत्याही सिद्धांताशी त्या झग्याचा संबंध नाही. परंतु हिवाळ्यापूर्वी येण्याविषयी विनविणारा तो बंदिवान प्रेषित त्या एका मागणीमुळे आपल्याला एकदम घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखा वाटू लागतो. माणसाची आवड, त्याची लकब, त्याच्या गावची रीत कळली म्हणजे तो मनुष्य कळू लागतो. म्हणून हे बोलणे क्षुद्र मानू नये. तथापि त्याला एक वजन असते, आणि ते वजन बोलणाऱ्याला बहुधा जाणवत नाही. ते जाणवलेल्या एका मनुष्याची गोष्ट आज आपण पाहू.

न दिलेली आज्ञा

दावीद अदुल्लामाच्या गुहेत होता. दिवस हंगामाचे होते. पलिष्ट्यांचे सैन्य रेफाईम खोऱ्यात उतरले होते आणि त्यांचे ठाणे खुद्द बेथलेहेमात, म्हणजे दाविदाच्या जन्मगावी होते. अशा वेळी त्याला गावच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची आठवण झाली व ते कोणी पाजील तर किती बरे होईल, असे तो बोलून गेला.

गुहेत पाणी नव्हते असे शास्त्र म्हणत नाही. त्याला तहान लागली असेल, पण जे आठवले ते पाणी एका विशिष्ट विहिरीचे होते. गाव सोडलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात किंवा दिल्लीत नळाला चोवीस तास पाणी असले तरी आजोळच्या रांजणातील पाण्याची चव निराळीच असते.

दाविदाने कोणाला पाठविले नाही. तो केवळ आपली आवड बोलला. पण ऐकणारे तिघे त्याच्यावर जीव टाकणारे होते. ते उठले, पलिष्ट्यांची छावणी फोडून पार झाले, पाणी काढले आणि घेऊन आले. जाण्यायेण्याच्या वाटेचा व त्या छावणीचा विचार करा, म्हणजे त्या पाण्याची किंमत कळेल. दाविदाने ते प्यायले नाही. ज्या माणसांनी जीव धोक्यात घातला त्यांचे हे जणू रक्तच आहे, असे समजून त्याने ते परमेश्वरापुढे ओतले.

काही वाचकांना हे खटकते. एवढ्या कष्टाने आणलेले पाणी ओतून टाकणे हा त्या तिघांचा अवमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्याने ते मातीत फेकले नाही. देवाला अर्पण करण्याच्या योग्यतेचे मानले. शिवाय त्या क्षणी त्याला एक गोष्ट उमगली असावी. पुढारी मनुष्य सहज बोलून गेला, तरी त्याच्यावर प्रेम करणारे ते आज्ञा म्हणूनच ऐकतात. ते पाणी तो मिटक्या मारीत प्यायला असता, तर पुढच्या हंगामात आणखी तिघे निघाले असते.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीत मला वर्षातून एकदा संदेश देण्यास बोलावीत. जेवणाच्या पंक्तीत लोकांना हसविण्यासाठी मी म्हणालो, "आमच्या घरची खोड आहे, पुरणपोळीवर साजूक तुपाची धार नसेल तर घास घशाखाली उतरत नाही." सर्व हसले. पुढल्या वर्षी त्याच घरी पान वाढले गेले. पोळीवर तूप होते, शेजारी वाटीतही होते. घरची भगिनी मोलमजुरी करणारी, ती मोठ्या समाधानाने म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्हाला तुपाशिवाय चालत नाही ना?" तेवढ्यात तिचा सातआठ वर्षांचा मुलगा निरागसपणे म्हणाला, "काका, तुमच्या तुपासाठी माझे बूट पुढच्या महिन्यात घेणार." आईने त्याला डोळ्यांनी दटावले. मी ते तूप ओतून टाकू शकत नव्हतो. त्या घरात तो अपमानच झाला असता. मी जेवलो. परंतु दाविदाच्या ओतण्याचा अर्थ त्या दिवशी मला प्रथम समजला.

सर्वांच्या गावची विहीर एक नसते

गावाच्या आठवणींमध्ये दुसराही एक धोका आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मिसर देशातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण यांची आठवण झाली. मासे तर तेथे फुकट मिळत असे ते म्हणाले. फुकट! ज्या नदीचे ते मासे, त्याच नदीत त्यांचे नवजात मुलगे टाकण्याची आज्ञा फारोने दिली होती (निर्गम १:२२). जिभेला चव आठवली आणि पाठ चाबूक विसरली. आठवण खोटी नव्हती, अर्धी होती.

एका प्रार्थनासंगतीत असेच झाले. गावाकडच्या गोष्टी निघाल्या होत्या. एका बंधूंनी आपल्या गावच्या आडाचे फार रसाळ वर्णन केले: दगडी बांधणी, रहाटाचा आवाज, आणि पाणी तर असे गोड की त्यात डाळ लगेच शिजावी. सर्वांना ते आवडले. कोपऱ्यातील एक वृद्ध गृहस्थ मात्र काही बोलले नाहीत. नंतर रस्त्याने जाताना ते मला म्हणाले, "मी त्याच तालुक्यातला. आमची आजी घागर घेऊन आडापासून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. पाणी गोड होतं का, ते तिला कोणी विचारलं नाही."

वाचकहो, आपल्या मंडळ्यांत महार, मांग व इतर समाजांतून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत, हे आपण जाणतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा त्या हक्काचा उच्चार झाला. त्या बंधूंचे वर्णन खोटे नव्हते. त्यांच्या मनात कोणाला दुखविण्याचा हेतूही नव्हता. परंतु ज्याला "आमच्या गावची विहीर" असे मोकळेपणाने म्हणता येते, त्याने आपल्या श्रोत्यांमध्ये कोण बसले आहे इकडे एकदा पाहावयास हवे. दाविदाची विहीर शत्रूने अडविली होती. या आजीची विहीर शेजाऱ्यांनी अडविली होती.

मग असे काही सांगूच नये काय? येथे मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात आवडी, खोडी आणि घरच्या रीती यांची रेलचेल आहे. वडिलांचे अतोनात सोवळे, पतीचा लहरी स्वभाव व पैशाविषयीची बेफिकिरी, स्वतःचे रुसवे व फजिती, सर्व काही त्या हसत हसत सांगतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या तरी त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक व आपले पाणी वेगळे ठेविले. नंतर ते बंधन गळून पडले आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. लक्षात घ्यावयाचे ते हे की, पाणी वेगळे ठेवणाऱ्या बाजूने त्या स्वतः उभ्या होत्या हे त्यांनी झाकले नाही. आपल्या घरची रीत त्यांनी प्रेमाने सांगितली आणि त्या रीतीचा काच कोणाला होत होता तेही सांगितले. आपल्या गावाविषयी बोलताना एवढा प्रामाणिकपणा आपल्याला साधेल तर त्या वृद्ध गृहस्थांना कोपऱ्यात गप्प बसावे लागणार नाही.

मागणारा प्रभू

आता सूखार गावाजवळच्या विहिरीकडे येऊ. यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत, हे योहान आपल्याला मुद्दाम सांगतो. प्रभू येशू वाटचालीने थकून तेथे बसला आणि त्याने त्या स्त्रीजवळ पाणी मागितले. दाविदाच्या इच्छेने इतरांना धोक्यात घातले. प्रभूच्या मागणीने मात्र त्या स्त्रीला देणाऱ्याची जागा दिली. पाणी खोल होते, आणि ते काढण्याचे साधन तिच्याकडे होते, त्याच्याकडे नव्हते. ती लगेच आपल्या गावची परंपरा सांगू लागते: ही विहीर आम्हांला याकोबाने दिली, तो स्वतः, त्याचे मुलगे व गुरेढोरे हिचे पाणी पीत. प्रभू तिला मध्येच थांबवीत नाही. तिच्या विहिरीवरूनच तो जीवनाच्या पाण्याकडे संभाषण नेतो. प्रभूने ते पाणी प्यायले की नाही हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. तिने आपली घागर तेथेच टाकली एवढेच लिहिले आहे.

राहता राहिला रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय. तो आपल्याला परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कोणी केवळ शाकभाजी खातो, कोणी एखादा दिवस विशेष मानतो; पौल कोणालाही आपली रीत लपविण्यास सांगत नाही, तर तिच्या मोजपट्टीने भावाला मोजू नका असे सांगतो. ईस्ट इंडियन बांधवांत लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणण्याची रीत आहे; तिला उंबराचे पाणी म्हणतात. हे ऐकताच दुसऱ्या प्रांतातील एखादा ख्रिस्ती बंधू विचारतो, "हे शास्त्रात कुठे आहे?" त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात डिसेंबर महिन्यात कापूस चिकटविलेले नाताळचे झाड उभे असते. ते कोणत्या अध्यायात आहे, हे मात्र त्याला कोणी विचारीत नाही. पुष्कळ वेळा आपण ज्याला विवेकबुद्धी म्हणतो ती केवळ सवय असते.

पुढील संगतीत हे करून पाहावे अशी माझी विनंती आहे. गावच्या गोष्टी अवश्य निघू द्याव्यात. परंतु जो नेहमी सांगतो त्याने त्या दिवशी विचारावे, आणि जो नेहमी ऐकतो त्याने सांगावे. यासाठी वडील मंडळींनी थोडे गप्प बसण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि ते काही सोपे नाही.

त्या खेड्यात मी पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. पान मांडण्यापूर्वीच मी त्या भगिनीला म्हणालो, "ताई, माझ्या खोडी पुष्कळ सांगून झाल्या. तुमच्या माहेरी काय आवडीचे असे?" ती आधी लाजली, मग चुलीपुढे बसूनच सांगू लागली. थंडीत ज्वारी दाण्यात आली की तिचे वडील शेताच्या बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटवीत, कणसे भाजून गरम असतानाच हातावर चोळून हुरडा काढीत, आणि पहिली मूठ घरातल्या सर्वांत लहानग्याला देत. ती सर्वांत धाकटी होती. भाकरी तव्यावर करपू लागली तरी तिचे बोलणे संपले नाही. तिच्या मुलाने हे काही पूर्वी ऐकले नव्हते. तो भिंतीला टेकून ऐकत होता, आणि त्याच्या पायांत बूट होते.