पुनरुक्तीकडून संवादाकडे : एकोलालिया असलेल्या विद्यार्थ्याची भाषा

रुग्णालयाचा ताळेबंद व विभागवार कामगिरी या अहवालात अन्यत्र दिलेली आहे. त्यासोबत एखाद्या विषयाची सविस्तर ओळख वाचकांना करून द्यावी, असा आपला प्रघात आहे. यंदा त्यासाठी वाचा-उपचार विभागाचा विषय घेतला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर व रुग्णालयाचा प्रशासक या नात्याने विभागातील तज्ज्ञांकडून जे समजून घेतले व प्रत्यक्ष जे पाहिले, तेवढेच येथे नम्रपणे मांडत आहे.

प्रारंभी एक कबुली देणे आवश्यक वाटते. एके दिवशी कारकून रजेवर असल्याने केसपेपरच्या खिडकीवर मी स्वतः बसलो होतो. रांगेत आईचा पदर धरून सातएक वर्षांचा मुलगा उभा होता. मी सहज विचारले, "बाळ, नाव काय तुझं?" त्याने तत्काळ उत्तर दिले, "बाळ, नाव काय तुझं?" स्वर माझा, चाल माझी. मी पुन्हा विचारले, त्याने पुन्हा तेच म्हटले. रांगेतील लोक हसले. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी आवाज चढवला. तेव्हा त्याची आई खाली मान घालून म्हणाली, "साहेब, तो चेष्टा करत नाही ओ. त्याला तेवढंच बोलता येतंय."

हाच गैरसमज शाळेतही झाला होता. "मुलगा शिक्षकांची नक्कल करतो, वर्गात मोठमोठ्याने ओरडतो, याला दुसरीकडे घाला," असे पालकांना सांगण्यात आले होते. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळणारी. शाळा सुटली असती, तर त्या मुलाचे शिक्षण तेथेच संपले असते.

एकोलालिया म्हणजे काय?

ऐकलेले शब्द किंवा वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारणे, याला एकोलालिया म्हणतात. 'एको' म्हणजे प्रतिध्वनी व 'लालिया' म्हणजे बोलणे, अशी या ग्रीक शब्दाची फोड आहे. याचे दोन प्रकार मानले जातात. ऐकताक्षणी केलेली पुनरुक्ती ही तात्कालिक. काही तासांनी, दिवसांनी वा महिन्यांनी उच्चारलेले वाक्य ही विलंबित. दूरचित्रवाणीवरील जाहिरात, बसस्थानकावरील घोषणा, वडिलांचे रागाचे वाक्य, असे काहीही मूल मनात साठवून ठेवते व भलत्याच वेळी बोलून दाखवते.

पुनरुक्ती हा मुळात दोष नव्हे. प्रत्येक मूल ऐकून व अनुकरण करूनच बोलावयास शिकते. आपल्याकडे तर पाढे, परवचा व स्तोत्रे पाठ करून घेण्याची परंपराच आहे. सामान्यतः तीन वर्षांच्या सुमारास मूल स्वतःची वाक्ये जुळवू लागते व पुनरुक्ती मागे पडते. त्यानंतरही ती प्रामुख्याने टिकून राहिली, तर तपासणी करून घ्यावी. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या अनेक मुलांत ती आढळते. मात्र केवळ पुनरुक्तीवरून निदान करता येत नाही. श्रवणदोष नाही ना, याची तपासणी सर्वप्रथम करावी लागते.

समज कशी बदलली?

अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख वैद्यकविश्वाला करून दिली. त्या निबंधातही या पुनरुक्तीची नोंद आहे. प्रश्न परत उच्चारणे हाच काही मुलांचा 'होकार' असतो, हेही त्यांनी टिपले होते. तरीही पुढे बराच काळ ही एक निरर्थक सवय समजून ती मोडून काढण्याकडेच कल राहिला.

१९८१ साली बॅरी प्रिझंट व जुडिथ डुखन यांनी तात्कालिक पुनरुक्तीचा बारकाईने अभ्यास केला आणि तिची सात निरनिराळी कार्ये दाखवून दिली. कधी ती संभाषणातील आपली पाळी राखण्यासाठी असते, कधी होकारासाठी, कधी मागणीसाठी, कधी मनातल्या मनात उत्तर जुळवण्याच्या सरावासाठी, तर कधी स्वतःला सावरण्यासाठी. आपण जिला पोपटपंची म्हणून हसतो, तिच्यात पुष्कळदा अर्थ असतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, जी रक्कम आपण खर्ची टाकत होतो, ती जमेची निघाली.

आधी नोंद, मग उपाय

वर उल्लेखिलेला मुलगा वर्गात मध्येच रेल्वेस्थानकावरील घोषणा खणखणीत आवाजात म्हणत असे. शाळेची मुख्य तक्रार तीच होती. आमच्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी प्रथम कोणताही उपचार सुरू केला नाही. आईला एक साधी वही दिली व दुसरी वर्गशिक्षिकेकडे पाठवली. वहीत चार रकाने होते : मूल काय म्हणाले, केव्हा व कोठे म्हणाले, त्याआधी काय घडले, त्यानंतर काय घडले.

पंधरवड्यानंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. घोषणा बहुतेक वेळा मधल्या सुट्टीत, पोषण आहाराच्या स्टीलच्या ताटांचा खणखणाट सुरू झाला की ऐकू येई. घरी ती मागावरून आलेल्या पाहुण्यांनी खोली भरली की येई. आईला आठवले, की आजोळी जाण्यासाठी सोलापूर स्थानकावर गर्दीत उभे असताना तो कासावीस झाला होता, आणि ती घोषणा झाल्यावर गाडी येऊन त्याची सुटका झाली होती. मूल गाडीविषयी बोलत नव्हतेच. "येथे फार गोंगाट आहे, मला बाहेर न्या," असे ते आपल्यापरीने सांगत होते.

अर्थ कळल्यावर उपाय सोपा नसला तरी दिशा मिळाली. शिक्षिकेने त्याला जेवणाच्या वेळी कडेची जागा दिली. व्हरांड्याचे चित्र असलेले एक कार्ड त्याच्या हाताशी ठेवले. घोषणा सुरू होताच त्याला गप्प करण्याऐवजी त्या कार्डावर बोट ठेवून शांतपणे म्हणावयाचे, "मला बाहेर जायचंय," आणि लगेच बाहेर न्यावयाचे. शब्द व सुटका यांची सांगड त्याच्या मनात बसावी, हा हेतू. यास महिने लागले. तो आता कार्ड दाखवून वाक्य म्हणतो. थकला असेल तेव्हा घोषणा अजूनही येते. पण ऐकणाऱ्याला तिचा अर्थ कळतो, हे अधिक महत्त्वाचे.

मराठीतील व सोलापुरातील विशेष

अशी मुले सर्वनामे उलट वापरतात. आई विचारते, "तुला पाणी पाहिजे का?" मुलाला तहान लागली की तेही म्हणते, "तुला पाणी पाहिजे का?" म्हणून शिकवताना प्रश्न न विचारता, मुलाच्या तोंडी शोभेल असे वाक्य आपण म्हणावे : "मला पाणी पाहिजे." मुलाने त्याची पुनरुक्ती केली, तरी ती योग्य मागणीच ठरते.

मराठीत याखेरीज क्रियापदाचे लिंगही सांभाळावे लागते. दिवसभर आईच्या सहवासात असलेला मुलगा तिचे ऐकून "मी जाते" म्हणतो व इतर मुले त्याची थट्टा करतात. अशा वेळी आईने त्याच्या वतीने वाक्य म्हणताना "मी जातो" असेच म्हणावे. मातांना प्रथम संकोच वाटतो, पण हा बदल उपयोगी पडतो.

आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत हिंदी व शाळेत मराठी, अशी अनेक मुलांची स्थिती आहे. "घरची भाषा बंद करा, म्हणजे गोंधळ थांबेल," असा सल्ला पालकांना सर्रास मिळतो. आजवरच्या अभ्यासांत एकाहून अधिक भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान होत असल्याचे दिसून आलेले नाही. आजीची भाषा बंद केली, तर मुलाशी बोलणारे एक माणूस मात्र कमी होते.

घरी व वर्गात काय करावे?

१. प्रश्नांचा भडिमार टाळावा. "हे काय आहे? ते काय आहे?" याऐवजी "हा चेंडू आहे, चेंडू लाल आहे" असे साधे बोलावे.

२. वाक्य लहान ठेवावे व बोलल्यानंतर थांबावे. मनात दहा अंक मोजावेत. उत्तर जुळवण्यास मुलाला वेळ लागतो.

३. वाक्य अर्धे सोडून मुलाला पूर्ण करू द्यावे : "मला पाहिजे..." आणि समोर वस्तू किंवा चित्र धरावे.

४. पाठ असलेल्या वाक्यात एकच शब्द बदलावा. "चला घरी जाऊ" येत असेल, तर "चला बागेत जाऊ", मग "चला दुकानात जाऊ". ठरीव वाक्य असे हळूहळू सुटे होते.

५. उत्तर ठाऊक नसले की मूल प्रश्नच परत उच्चारते. अशा मुलांना "मला माहीत नाही" हे वाक्य शिकवले असता पुनरुक्ती कमी होते, असे १९७८ साली लॉरा श्रायबमन व एडवर्ड कार यांनी दाखवून दिले. "मला मदत करा" हे वाक्यही तितकेच मोलाचे आहे.

६. शब्द सुचत नसतील तेव्हा चित्रांची मदत घ्यावी. हाताने काढलेली कार्डेही चालतात. आयआयटी मुंबईने तयार केलेले 'जेलो' हे चित्रांवर आधारित ॲप मराठीतही उपलब्ध आहे.

आणि काय करू नये? "पुन्हा तेच बोलू नकोस" असे दरडावू नये. पाहुण्यांसमोर गंमत म्हणून तेच वाक्य म्हणावयास लावू नये. हमखास बरे करून देतो, असे सांगून पैसे घेणाऱ्यांच्या नादी लागू नये. पुनरुक्ती थांबवणारे औषध नाही. अलीकडे काही उपचारपद्धतींचा बराच बोलबाला आहे. त्यांपैकी ज्यांना अभ्यासाचा आधार अद्याप अपुरा आहे, त्या स्वीकारताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे हा कायदा सांगतो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेचे मूल्यमापन ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनश्रेणीवर होते. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत वार्षिक १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. उपरोक्त मुलाच्या पालकांना प्रमाणपत्राचे कागद तयार करण्यास आमच्या समाजसेविकेने साहाय्य केले. वर्गशिक्षिकेनेही मुख्याध्यापकांशी बोलून त्याची बाजू मांडली. मूल त्याच शाळेत टिकले.

ऋणनिर्देश

देणगीदारांच्या दृष्टीने हा विभाग डोळ्यांत भरणारा नाही. येथे मोठे यंत्र नाही, कोनशिला बसवावी असे दालन नाही. लहानशी खोली, चटई, चित्रांची कार्डे आणि वेळ देणारी माणसे, एवढेच भांडवल. यातील खर्च मुख्यतः वेळेचा असतो, आणि तो भरून काढणारी फी हातावर पोट असलेल्या कुटुंबांकडून घेता येत नाही. आपल्या देणग्यांमुळेच हे काम चालू राहते. त्याबद्दल विश्वस्त मंडळाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो.

काही दिवसांपूर्वी तोच मुलगा पुन्हा खिडकीवर आला. या वेळी मी नाव विचारले नाही. मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटले, "माझं नाव..." व माझे नाव सांगितले आणि थांबलो. बराच वेळ गेला. रांगेतील लोक चुळबुळ करू लागले. मग त्याने आपल्या छातीवर हात ठेवला, "माझं नाव" म्हणाला आणि स्वतःचे नाव सांगितले. पुढच्या क्षणी त्याने माझेही नाव म्हटले. कारकुनाने दोन्ही ऐकली व केसपेपरवर योग्य ते लिहिले.

आपल्या परिचयातील एखादे मूल असे बोलत असेल, तर त्यास हसू नये व विलंबही करू नये. त्यास तपासणीसाठी आणावे, ही सर्व वाचकांस नम्र विनंती.

— प्रशासक